लावून घ्या

एकशे बारा वाक्यं, वाक्याला सात रुपये,
मुदत महिनाअखेर.
एका छोट्या खिडकीचं मराठी करायचंय:
डावीकडे तिजोऱ्यांची यादी,
उजवीकडे एक रुंद हिरवं बटण,
कोपऱ्यात नखाएवढं कुलूप.

'तिजोरी' लिहिलं आणि अडले.
तिजोरी म्हटलं की लोखंड आलं,
तेल दिलेली मूठ, शेठजींचा करदोटा.
ही तर फाइलींची. हिच्यात ठेवतात
पॅन कार्ड, सोनोग्राफी,
घटस्फोटाचा तिसरा मसुदा.
बळद लिहावं का?
भिंतीतलं, सारवलेलं, घरच्यांनाच ठाऊक असलेलं.
रामबागेत चार जणांना विचारलं,
माळव्यात वाढलेल्या तिघांनी सांगितलं,
बळद म्हणजे बैल.

चौथे पागनीसकाका, वरच्या मजल्यावरचे.
बँकेत एकोणतीस वर्षं, त्यातली अकरा लॉकरवर.
"काय करून राहिलीस?" म्हणत
खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले.
"याची दुसरी किल्ली कोणाकडे?"
दुसरी नाही, म्हटलं. पहिलीही किल्ली नाही, शब्द आहे.
"आणि तो विसरला तर?"

वाक्य क्रमांक एकाहत्तर तेच होतं.
पासवर्ड हरवल्यास तो आम्हालाही परत मिळवता येणार नाही.
मी 'ही' खोडला. पुन्हा लिहिला.
सगळं वाक्य त्या एका अक्षरावर उभं होतं.

काका सांगत होते:
आपली किल्ली फिरवायची आणि बाहेर यायचं,
पाठ करून उभं राहायचं.
आवाजावरून कळायचं गं सगळं,
डबी, कागद, परत कागद.
एक बाई यायच्या दर गुरुवारी,
त्यांच्याकडून कधी काही वाजलंच नाही.
भाडं मात्र वेळेवर.
दोनदा ड्रिल लावलं, पंचनाम्यासकट.
एकात दुधाचे दात निघाले.
दुसऱ्याचं काका बोलले नाहीत.

"यात ड्रिल?"
चालत नाही.
खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
मग म्हणाले, "मला एक बनवून दे."

शंभर एमबीची बनवली, माझ्याच डेस्कटॉपवर.
पासवर्डची चौकट आली तशी मी उठले,
गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिले.
एका बोटाचं टाइप, थांबत, थांबत.
चौदा टकटकी मोजल्या,
आणि मोजल्या म्हणून लाज वाटली.
"झालं."
ड्राइव्ह उघडली होती, पांढरी, कोरी.
काकांनी ती नीट पाहिली,
भाडेकरू रिकामी खोली पाहतो तशी,
आणि बंद केली.
बाहेरून फाइल शंभर एमबीची.
भरली तरी शंभर, रिकामी तरी शंभर,
बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.
हे त्यांना फार आवडलं. दोनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून रोज नऊच्या सुमारास येतात.
मी गॅलरीत.
कधी कीबोर्ड वाजतो,
कधी नुसता माऊस,
कधी चौदा टकटकींनंतर काहीच नाही.
गुरुवार असो नसो.

शेवटच्या रात्री एकच शब्द उरला, बटणाचा.
'कुलूपबंद करा' म्हणजे सरकारी गोदाम.
'लॉक करा' लिहिलं तर मला सात रुपये कशाचे?
काका जिन्याकडे निघाले होते,
चपलेत पाय सरकवत, मागे न बघता
रोजच्यासारखं म्हणाले,
"लावून घे गं."

मी लिहिलं: लावून घ्या.

मंगळवारी तपासनिसाचा शेरा आला, लाल अक्षरात:
काय लावून घ्या? कर्म कुठे आहे?

उत्तर अजून दिलेलं नाही.