तीन पानं, सहा रुपये

रामसखी बाथम, राहणार ढोलीबुआचा पूल.
अर्ज हिंदीत, अक्षर शेजारच्या कुणा मुलाचं,
खाली अंगठा, जांभळा, जरा घसरलेला.
मागणी एवढीच :
चौदा मे दोन हजार अकरा,
पाण्याच्या टँकरची त्या दिवसाची नोंदवही.

कशाला हवी असेल?
पण कायद्यात चक्क लिहिलंय,
अर्जदाराला कारण विचारायचं नाही.
आमच्याकडे दूधवालासुद्धा विचारतो,
आज अर्धा लिटर जास्त कशाला.

साहेब म्हणाले, "पुराना है, नष्ट लिख दो."
तीसातले सव्वीस दिवस उरले होते.
म्हटलं, नष्ट केल्याचा कागद द्या, तोही जोडते.
साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

मग दोन दुपारी जलप्रदायच्या गोदामात,
नाकाला ओढणी बांधून.
वाळवीनं एप्रिल खाल्ला होता, जून अर्धा.
मे तेवढा तिघऱ्याच्या गाळासारखा
तळाशी बसून होता.

तीन पानं. सहा रुपये.
चिल्लर तिनं बामच्या डबीतून काढली,
पावती मागून घेतली,
आणि उभ्यानंच पानांवरून बोट फिरवत गेली.
वाचता येत नव्हतं.
दुसऱ्या पानावर बोट थांबलं.
"बस, यही."
बाकीची दोन माझ्या टेबलावर ठेवली.
म्हटलं, अम्मा, ये भी आपके हैं, पैसे भरे हैं.
"इनमें वो नहीं है."

संध्याकाळी कार्यालयीन प्रत काढली.
दुसरं पान. अकरा फेऱ्या, अकरा सह्या.
दहा ड्रायव्हरच्या, घाईतल्या, एकीसारखी एक.
नववी हेल्परची :
कच्ची, शाळकरी, ओळ सोडून वर गेलेली,
खाली दोनदा रेघ,
पहिल्यांदाच सही करणाऱ्यानं मारावी तशी.
हरविलास बा
आणि पुढचं झेरॉक्सच्या कडेला कापलेलं.

माहिती अपुरी देता येत नाही.
सकाळी मूळ वही पुन्हा उघडली,
मशीनची काच पुसली,
पान दोन बोटं डावीकडे सरकवलं.
आता नाव पूर्ण आलंय.

नवी प्रत टपालानं जाते आहे. शुल्क निरंक.
जावक रजिस्टरात एक रकाना आहे, 'कारण'.
तो मोकळा सोडला.