पाच आकडे

तापकीर गल्लीत जिनेश ओसवाल
माझा फोन उलटा धरून बघतो,
जणू झटकला तर काहीतरी पडेल त्यातून.
"ताई, बत्तीस जीबी. त्यातले अकरा तर फोन स्वतःच खातो.
उरलेल्यात भरलंय तरी काय एवढं?"

मीटर.
सहा वर्षांचे, लोकांचे, विजेचे मीटर.
दत्तवाडी, नवी पेठ, जनता वसाहतीच्या वरच्या गल्ल्या,
जिन्याखालचे, संडासाशेजारचे, सायकलीमागचे,
एकाला तर कुणी दसऱ्याचं गंध लावलेलं.
आकडा ऑफिसला गेला की फोटो पुसायचा असतो.
संध्याकाळी पाय दुखतात, राहून जातं.

जिनेश बोटाने वर सरकवतो, सरकवतच राहतो,
मग थांबतो. "ह्यात तुम्ही दिसताय."
खरंच की. काचेत, आकड्यांच्या मागे,
ओढणी बांधलेलं डोकं, वर धरलेला हात.
पुढच्यातही. त्याच्या पुढच्यातही.
सेल्फी मला कधी जमला नाही
आणि इथे मी अकरा हजार वेळा
कुणाच्या तरी युनिटांमागे उभी,
आधी चष्मा नसलेली, मग असलेली,
मग तो दोरीने बांधलेली.

"पुढे सगळं बदलणार," जिनेश म्हणतो,
नखाएवढ्या चिपेवर नख ठेवून.
"एक टीबी, दोन टीबी, दहा.
काय पुसू, हे कुणी विचारणारच नाही."
मी किंमत विचारते. तो सांगतो.
मी त्याचा चहा तेवढा घेते.

रोकडेंच्या गिरणीचं त्याला सांगत नाही.

उतारावरची गिरणी. तिथे चकत्यांचा जुना मीटर,
पाच आकड्यांचा. त्या दिवशी ९९९९८.
रोकडे म्हणाले, "थांबा बाई, दोन पायल्या ज्वारी उरलीय.
बघूनच जा."
पट्टा फिरला. पीठ माझ्या भुवयांवर बसलं.
नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ,
आणि पाचही चकत्या एकदम कलल्या,
सूचना नाही, परवानगी नाही,
हे ठेवू का ते ठेवू, काही नाही,
शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.
रोकडेंनी टाळी वाजवली. एकच.

मी फोन उचलला.
फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.

ऑफिसात निंबाळकर साहेब म्हणाले,
"गिरणी चालते आणि वापर उणे? फोटो कुठाय?"
फोटो नव्हता. खुलासा लिहून दिला, पाऊण पान,
तो कुठल्याशा फाइलीत मावला.
पुढच्या महिन्यात रोकडेंकडे नवा मीटर लागला,
हिरव्या उजेडाचा, इतक्या आकड्यांचा
की त्यांच्या नातवाच्या हयातीतही भरायचा नाही.
रोकडे त्याच्याकडे बघतही नाहीत.

"मग, काय ठरवलंत?" जिनेश विचारतो.
"बघते," मी म्हणते.

अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत
एकेक काच पुसत गेले.
ज्यांच्यावर धूळ होती, ज्यात मी दिसत नव्हते, तेवढ्याच.
चारशे एमबी मोकळी झाली.
उद्या पर्वतीचा फेरा आहे,
पुरेल.