वांग्याचा बैल

पवनीचा स्तूप बघून झाला तरी ती बाई गेली नाही.
साचिए तिचं नाव. वय माझ्या आईएवढं, पाठ ताठ.
माझ्या कारखान्यात, म्हणजे कडुनिंबाखाली,
उकिडवी बसून लाकडी बैल बघत राहिली.
तेरा झाले होते, सतरा व्हायचे होते,
तान्हा पोळा चार दिवसांवर
आणि मला बोलायला वेळ नव्हता.

तिच्या वहीत सणांची यादी. महिने, तारखा, चौकटी.
फोन तिचं बोलणं मराठीत सांगे, बातम्या दिल्यासारखं:
"हा उत्सव प्रतिवर्षी कोणत्या दिनांकास असतो?"
दिनांकास नाही जी, म्हणालो, अमावस्येला.
चंद्र संपला की बैल सजतात.
फोन अडखळला.
तिनं पोळ्यापुढची चौकट कोरी ठेवली.

खांदशेकणीला ती दमाह्यांच्या गोठ्यात होती.
जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर
उरकुडाजी तूप-हळद चोळत होते,
बैलाच्या कानाशी वाकून
उद्याच्या जेवणाचं आवतन देत होते.
तिनं ते फोनला ऐकवलं. फोननं काय सांगितलं कोण जाणे,
तिनं तो पिशवीत टाकला
आणि रात्रीपर्यंत बाहेर काढला नाही.

रात्री ओसरीवर बसून सांगितलं.
उन्हाळा सरता सरता त्यांच्याकडे
गेलेली माणसं घरी येतात, दोन-तीन दिवसांसाठी.
येताना काकडीचा घोडा ठेवायचा, लवकर यावीत म्हणून.
जाताना वांग्याचा बैल, सावकाश जावीत म्हणून.
मग नदीत कागदी दिवे.
भाऊ हिवाळ्यात गेला. यंदा त्याचं पहिलंच येणं,
आणि ही घरी नव्हती.
"विमानाचे तिकीट स्वस्त होते," फोन म्हणाला.
खोटं फोन बोलला की ती, मी विचारलं नाही.

माझी बायको उठली.
टोपलीतलं एक वांगं तिच्यापुढे ठेवलं,
काटेरी देठाचं, पोट सुटलेलं.
आगपेटीही ठेवली.

पाडव्याला सकाळीच मारबत गावाबाहेर गेली,
खोकला, ताप, डास, सगळं घेऊन.
दुपारून शाळेच्या पटांगणात तोरण लागलं.
माझे सतरा, बाजारातले आठ-दहा,
सरपंचाच्या नातवाचा पितळी,
आणि त्याच्या शेजारी, आगकाड्यांच्या पायांवर,
दोऱ्याची वेसण घातलेलं वांगं.
पोरं खिदळली. झेलाबाई ओरडली, "भरीत करा जी त्याचं!"
साचिएबाई रांगेमागे हात जोडून उभी.

झडत्या रंगात आल्या. शेवटी सगळ्यांनी
डोळे मिटून महादेवाचा गजर केला, तेवढ्यात
बोबड्यांची बकरी तोरणाखालून आली
आणि बैल खाऊन गेली.

"बापा बापा," कुणीतरी पुटपुटलं.
मला तर घामच फुटला, जशी बकरी माझीच.
बाईनं तोंडावर हात धरला. खांदे हलू लागले.
झेलाबाई पाणी आणायला धावली, तर ही हसत होती,
डोळ्यांतून पाणी गळेस्तोवर, वाकून वाकून,
काहीतरी बोलत होती तिच्या भाषेत, बकरी गेली त्या दिशेला.
फोन पिशवीत होता.
काय म्हणाली ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.

दोन काड्या तेवढ्या उरल्या.
त्या तिनं वहीत चिकटवल्या, कोऱ्या चौकटीत.

आश्विनात वैनगंगेकाठी कास पांढरा झाला
तेव्हा पोस्टातून खोका आला.
बायकोनं तो कोजागिरीपर्यंत उघडू दिला नाही,
भुलाबाईपुढे नेऊन ठेवला: ओळखा खिरापत.
पोरींनी हलवून पाहिला, हुंगला.
गोड का? तिखट का? कुरकुरीत का?
मला विचारू लागल्या. त्यावरची अक्षरं
मला तरी कुठं येतात.
दूध आटत आलं. चंद्र आंब्याच्या वर चढला,
तिकडे तो आमच्या आधीच उगवून
पुढे निघालेला असणार.
लाडू झाले, वड्या झाल्या, पेढे, शेव, खारीक,
सगळ्या हरल्या.
दमाह्यांची आर्वी, चार वर्षांची, आतापर्यंत गप्प होती.
तिनं खोक्याला कान लावला, बराच वेळ.
"वांगं," म्हणाली.