फळीवरची चिठ्ठी

कोन्सेप्सिओनमधल्या आमच्या दुकानात
प्रत्येक बाटलीखाली एक चिठ्ठी असते.
ती मी लिहिते. चार ओळी, फार तर पाच.
गिऱ्हाईक आधी ती वाचतं, मग किंमत,
मग पुन्हा ती.

सतरा वर्षं असंच लिहीत आले:
आंबूस, पण भांडखोर नाही.
माशाबरोबर नको.
भिजलेलं चामडं, वाळलेली साल, गंजकी किल्ली.
किल्ली कोण चाखून बघतं? पण लोक माना डोलावतात.

ओर्फेलिना इंसुन्साकडे गेले ते ऑक्टोबरात,
इटाटाच्या टेकड्यांवर, जिथं आता वेलींपेक्षा
कागदकारखान्यांचे पाईन जास्त,
एका उंचीचे, प्रार्थनेला उभे केल्यासारखे.
तिच्या वेली बुटक्या, ना तार ना खांब,
दीडशे वर्षं वाकून वाकून जमिनीलाच टेकलेल्या.
द्राक्षाचं नाव पाईस. म्हणजे देश.
"देशाला इथं कोण भाव देतो," ती म्हणाली,
आणि हसली नाही.

वेळूच्या चाळणीवर घड चोळायचे,
देठ वर, दाणे खाली लाकडाच्या द्रोणीत.
मग काही करायचं नाही.
"लोक विचारतात, यात काय घालता?
मी सांगते, हिवाळा."

दुसरा पेला तिनं नुसताच पुढे सरकवला.
आगीच्या वर्षीची.
तोंडात धरली. आधी डाळिंब,
मग ओली माती, आणि मग, फार उशिरा,
पाणी मारून विझवलेल्या चुलीचा वास
जिभेच्या मुळाशी येऊन बसला. उठेना.

माझ्या धंद्यात याला दोष म्हणतात.
थुंकायला भांडं शोधलं. तिनं दार दाखवलं.
बाहेर काळे बुंधे, रांगच्या रांग,
आणि त्यांच्या अलीकडे, कुंपणाला लागून,
तीन ओळी वेलींना नखाएवढी पालवी.
मी घोट गिळला.
चांगुलपणा वगैरे नाही. तिचं कुत्रं बघत होतं.

"किती बाटल्या?"
"दोनशे चाळीस. साठ मीच पिणार."
"चिठ्ठीवर काय लिहू?"
ती बुचं मोजत राहिली.
"एलेओदोरोच्या वाइनबद्दल एकानं फार छान लिहिलं.
सांतियागोहून गाडी आली, दोन हजार पाहिजेत म्हणाले.
तो हो म्हणाला.
आता त्याच्याकडे स्टीलच्या टाक्या आहेत.
आणि हप्ते."
मग बुचांची पिशवी बांधता बांधता:
"वाईट लिही. पण बेतानं."

बसमध्ये सहा बाटल्या मांडीवर घेऊन
मी चार चिठ्ठ्या फाडल्या.
पाचवी फळीवर लागली:
हिला धूर लागला आहे. तो जाणार नाही.
नाही सोसली तर परत आणा.

शनिवारी एकानं परत आणली, अर्धी.
बूच नीट दाबून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पैसे काढले तर नको म्हणाला.
"चांगली आहे. पण बायकोनं ओळखला वास.
घरात ठेवू नको म्हणते.
आमचं घर नवीन आहे,
पहिलं..." आणि फळीकडे बघत उभा राहिला.
मग दुसरी काही हवी का विचारलं,
तर पांढरी घेतली, कुठलीशी, चिठ्ठी न वाचता.

ती अर्धी बाटली गल्ल्याच्या खाली आहे.
दुकान बंद करताना रोज एक घोट घेते.
डाळिंब गेलं मंगळवारीच.
काल चिठ्ठी काढून पाहिली,
पेन हातात होतं,
आणि पुन्हा तिथंच लावली.