पायांना ठाऊक होतं

रबरी पुतळा मी मागच्या सीटवर बसवून आणला,
पट्टा लावून. बोगद्यातल्या वळणांवर
तो माणसासारखाच डुलत होता.

फेरो बेटं, फेब्रुवारी. गावात त्रेसष्ट माणसं.
रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं, वारा नसेल तर.
आणि इथं वारा कधी नसतो?

नऊजण आले. मी फोनवर गाणं लावलं,
शहरातल्या वर्गांत चालतं ते,
मिनिटाला एकशे दहा ठोके.
कुणाचाच हात त्यावर बसेना.
मासे कापणारी सुन्नवा घाईत,
ट्रोन्दुर छाती दाबायचा ती इतक्या हलकेच
जणू झोपलेल्या कोकराला उठवतोय.
“या गाण्याला तोंड आहे, पाय नाहीत,”
म्हातारा हाल्ग्रीम म्हणाला
आणि त्यानं फोन बंद केला. माझा फोन.

मग सुन्नवाचा हात धरून त्यानं सुरू केला
बुडालेल्या राजाचा पवाडा. वाद्य नाही काही.
डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक.
लाकडी जमीन खालून उत्तर देऊ लागली.
मी घड्याळात पाहिलं : एकशे आठ.

पुतळा रिंगणाच्या मध्ये ठेवला.
एकजण गुडघ्यांवर, बाकीचे फिरते.
दमला की तो उठायचा, दुसरा टेकायचा,
मोकळी जागा दोन हात लगेच सांधून घ्यायचे.
“दर दोन मिनिटांनी माणूस बदला” –
अकरा वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आले,
असं कधी पाहिलं नव्हतं.

मारयुन तेवढी दाराशी,
कॉफीची किटली हातात.
तिचा नवरा होडीच्या शेडमध्ये गेला, दोन वर्षांपूर्वी.
“मी त्याचा हात धरून बसले,” ती म्हणाली,
“तेवढंच येत होतं मला.”
माझ्या पुस्तिकेत यावर काही नाही.

कितव्या कडव्याला कोण जाणे, तिनं किटली खाली ठेवली.
गुडघे टेकले. कोपर ताठ.
पुतळ्याच्या छातीतली कळ
दर दाबाला टक् वाजत होती,
दुपारभरात एवढी नीट कुणाचीच वाजली नव्हती.

जहाज बुडालं. पवाडा संपला.
पाय थांबले.
ती थांबली नाही.

कुणी तिच्या खांद्याला हात लावला नाही.
हाल्ग्रीम खाकरला
आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून
गाऊ लागला :
राजाचं जहाज अजून किनाऱ्याला होतं.