चिचटोलीचा तिसरा अंक

डोमाजी नान्हे, वय एकसष्ट,
बत्तीस वर्षं विंगेत उभे राहून
दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालतात.
हे वाक्य मी दिवाळीआधी लिहिलं
आणि तिथंच माझा खुबा धरला.

पुढचं वाक्य अकरा दिवसांनी आलं.

झाडीपट्टीत नाटक उभं राहतं रात्री दहाला
आणि संपतं कोंबडा आरवल्यावर.
माझ्या लाल कार्डामागे लिहिलंय:
थंडी टाळा, जागरण टाळा, पाणी भरपूर प्या.
म्हणजे थोडक्यात, हे पुस्तक टाळा.
तरी गेले. दोन स्वेटर, आईची शाल,
तणसावर बसलेल्या बायांच्या मधोमध
गरम पाण्याचा थर्मास पोटाशी धरून.
एका रात्रीचे तीन दिवस, हा माझा भाव.
कधी पाच.

रक्ताबद्दल लिहायचंच नव्हतं मला.
सिकल म्हणजे विळा, हे डॉक्टरांनीच सांगून टाकलं,
उपमा आयतीच मिळाली, वापरून झालेली.
आमच्या धानाच्या गावात विळा
कुडात खोचलेला असतो,
त्याचा काही अर्थ नसतो.

मला लिहायचा होता डोमाजींचा टॉर्च,
काचेवर लाल कागद चिकटवलेला.
दवानं फुगलेली वही.
नायिका अडखळायच्या आधीच
तिचा श्वास ओळखणारा कान.

मग चिचटोली.
तिसऱ्या अंकात जनरेटर गेला,
आणि अंधारात म्हणे डोमाजींनी
अख्खा अंक एकट्यानं म्हटला,
बापाचा, सुनेचा, दारुड्या दिराचा,
आणि हजार माणसं जागची हलली नाहीत.

मी त्या रात्री ब्रह्मपुरीला, खाट नंबर नऊ.
सलाईन मिनिटाला अठ्ठावीस थेंब.
हे नक्की आहे, मोजलेलं आहे.

बरी झाल्यावर विचारत फिरले.
पेटीवाला म्हणाला, अख्खा कुठला, अर्धा.
चहावाली म्हणाली, अंधार कुठं होता,
साऱ्यांचे मोबाइल पेटले होते.
नायिका म्हणाली, माझं मीच म्हटलं, लिहून घ्या.
आणि डोमाजी, "मले नाही आठवत बाई.
दुसऱ्याचे शब्द ध्यानात राहतात. आपले नाही."

पुण्याहून संपादकांचा फोन:
हा प्रसंग म्हणजे पुस्तकाचा कणा,
तुम्ही तिथं असल्यासारखं लिहा.
कणा म्हटल्यावर हसू आलं,
आणि हसल्यावर कंबरेत कळ.

माघात पुन्हा वॉर्ड.
डोमाजी आले, पिशवीत उकडलेले शिंगाडे,
स्टुलावर बसले, टोपी गुडघ्यावर.
नर्सनं विचारलं,
एक ते दहामध्ये दुखणं किती?
माझी जीभ अडली.
दोन क्षण.
आणि ओठ न हलवता,
सवयीनं, मागच्या मागे डोमाजी बोलले,
"आठ."

मी म्हटलं, आठ.
नऊ होतं.

हे मात्र मी पाहिलं. इथं मी होते.
सातवं प्रकरण आता या आठपासून सुरू होतं,
नऊची नोंद तळटीपेत.
चिचटोलीला एकच ओळ दिलीय:
त्या रात्री मी नव्हते.
खाली अर्धं पान कोरं.

नागपूरच्या छापखान्यातून दोनदा विचारणा झाली,
मजकूर राहिलाय का, मॅडम?
पाठवता का?