एकास बहात्तर

दिवसभर मी दात करतो.
दांडिया बाजारात, डॉक्टर भाटियांच्या दवाखान्यामागे,
मेणात, प्लास्टरात, गुलाबी ॲक्रिलिकमध्ये
अनोळखी माणसांची हसू बसवतो.
रात्री तीच कानस, तीच टोकदार सळई घेऊन
बसतो विमानाला.

खोका उघडला तेव्हा आत विमान नव्हतं.
राखाडी सांगाड्याला लटकलेले सदतीस तुकडे,
कोवळ्या चिंचांसारखे,
आणि एक कागद, ज्यावर बाण होते, शब्द नव्हते.
आधी खुर्ची. मग खुर्चीमागची पोलादी पाठ.
नखावर मावेल एवढी घड्याळांची पाटी,
तिच्यावर पांढरे ठिपके, दर ठिपक्याला एक रोखलेला श्वास.
दोन अर्धी धडं जोडून रबर बांधलं आणि झोपलो.
सकाळी पाठीवर शिवण उमटलेली.
भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली.
कवळीचंही असंच असतं.
डोळ्याला फसवता येतं, जिभेला नाही.

वरचे रंग सोपे: गडद हिरवा, मातकट तपकिरी,
वेडेवाकडे, शेताच्या बांधांसारखे.
अडलो पोटाशी.
डबीवर लिहिलेलं ‘स्काय’, आणि आत
बदकाच्या अंड्याचा फिका हिरवा.
खालून पाहणाऱ्याला दिसू नये म्हणून
पोटाला आभाळ फासायचं, इतपत कळलं.
पण कुठलं आभाळ?
आमचं मेमधलं जस्ताच्या पत्र्याचं,
उत्तरायणाला तर निव्वळ कागदाचं.

दोन रात्री डबी उघडी ठेवून बसलो, मग आठवलं.
सरकारी इस्पितळाचा जुना वॉर्ड,
भिंतीला खांद्याइतक्या उंचीपर्यंत हाच रंग.
आई अकरा दिवस त्याच्याकडे तोंड करून निजली होती.
ब्रश बुडवला.
दोन पातळ हात दिले, एक जाड देण्याऐवजी.

बशीतल्या कोमट पाण्यात आकडे सुटले, वर्तुळं सुटली,
ओल्या पंखांवर सरकून बसली.
नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.
ते हातानं, कॉकपिटखाली, पिवळ्यात,
दीड मिलिमीटर उंच.
खालच्या मजल्यावरची जिगिषा भिंग धरून उभी,
तिचाही श्वास बंद.
बी. ए. आर. ओ. डी.
शेवटच्या एला जागा पुरली नाही, तो अंग चोरून उभा राहिला.

‘काका, आमां आपणुं कोण बेठेलुं?’
आपलं कुणी नाही गं. आपले पैसे बसले होते.
‘पैशांना पट्टा बांधलेला?’
मी हसलो, पण तिचा प्रश्न टेबलावर राहिला.
कडीचा कापूस, नवसारीचा ऊस,
सारा भरून परतलेली बैलगाडी.
भरणाऱ्याला पावती मिळाली असेल.
हा आवाज ऐकू गेला नसेल.

डबीत वैमानिक उरलाय.
अंगठ्याच्या नखाएवढा, हात मांडीवर, चेहरा कोरा.
गोऱ्या गालांसाठी माझ्याकडे होता तो फक्त हिरड्यांचा गुलाबी.
लावला. फारच तरुण दिसायला लागला.
पुसून टाकला.
काच उघडी चिकटवली, खुर्ची रिकामी ठेवली.

मग पेन्सिलीचं शिसं चोळून धुराड्यामागे काजळी.
उरलेला प्लास्टिकचा दांडा मेणबत्तीवर तापवून ओढला,
केसाएवढी तार निघाली रेडिओची,
पाचव्यांदा. चार तुटल्या.

आता ते फळीवर आहे,
जोगळेकर मास्तरांच्या खालच्या जबड्याशेजारी.
पंखा लावला की प्रोपेलर जरासा हलतो.
येणारा जाणारा विचारतो, किती दिवस लागले?
कुणी तो शेवटचा ए पाहत नाही.
मी पाहतो.
बहात्तरनं गुणलं तर ती चूक बोटभर भरते.
खऱ्यावरही भरली असेल,
थंडीत शिडीवर उभ्या कुणा रंगाऱ्याच्या हातून,
न पाहिलेल्या गावाचं नाव
चिठ्ठीवरून एकेक अक्षर पडताळत लिहिताना.